शंकेचं खोकं

माझ्या दादाची जवळजवळ सगळी नोकरी जाळीच्या पलीकडे गेली. तुरुंगात नव्हता, घाबरू नका. तो ज्या कारखान्यात होता तिथे मिरपूड, सुकवलेला लसूण, धान्य असल्या मालाला किरण देतात. म्हणजे असं, की मालाची खोकी लोखंडी पेट्यांत बसून छताच्या रुळाला लटकत जाडजूड भिंतींच्या एका खोलीत जातात. तिथे खोल पाण्याच्या टाकीतून किरणांचा दांडा वर येतो, खोक्यांतले किडे आणि जंतू मरतात, आणि खोकी दुसऱ्या बाजूने बाहेर पडतात. आत माणूस जात नाही आणि खोकंही कुणी उघडत नाही. बाहेर आलेल्या मिरपुडीचा रंग तोच, वास तोच. तुम्ही कितीही हुशार असा, नुसतं बघून सांगता येत नाही की हे खोकं आत जाऊन आलंय की नाही.

सगळी गोची तिथेच आहे. म्हणून त्यांच्या गोदामाच्या मधोमध जमिनीपासून छतापर्यंत जाळी ठोकलेली. अलीकडे कच्चा माल, पलीकडे जाऊन आलेला माल. अलीकडच्या लोकांचे सदरे करडे, पलीकडच्यांचे पांढरे. प्रत्येक खोक्याला एक पिवळा ठिपका चिकटवतात, किरण लागले की तो लाल होतो. दादा पांढरा सदरा घालून पलीकडे उभा राहायचा आणि एकेका खोक्याचा ठिपका बघायचा. लाल आहे, जाऊ दे. लाल आहे, जाऊ दे. दिवसभर हेच. वस्तीत त्याला सगळे ठिपकेवाले म्हणायचे, आणि त्याला त्याचा राग यायचा नाही.

मी त्याची धाकटी बहीण. घरात मला चिमी म्हणतात, पन्नाशी आली तरी चिमीच. लग्न केलं नाही, मागच्या खोलीत शिवणाचं मशीन टाकून बसले, आणि माझ्या तोंडात तीळ भिजत नाही अशी माझी ख्याती आहे. कुणी मला काही सांगितलं की संध्याकाळपर्यंत ते गल्लीच्या टोकाला पोचलेलं असतं. हे मी स्वतःच सांगते म्हणजे दुसऱ्या कुणी सांगायला नको.

एकदा मी दादाला विचारलं होतं, "ठिपका धड लाल नाही, धड पिवळा नाही, असं झालं तर?"

"मग ते शंकेचं खोकं. बाजूला काढायचं. शंका आली की माल अलीकडचा."

"अरे पण गेलं असेल की ते आत."

"असेल. मला खात्री नाही ना? खात्री नाही म्हणजे गेलंच नाही असं धरायचं."

हे तो इतक्या शांतपणे सांगायचा की समोरच्याचं डोकं तापावं. एकदा कुणीतरी ठिपक्यांची गुंडाळी उन्हाच्या खिडकीत विसरलं आणि त्यातले काही ठिपके आत न जाताच तांबडे झाले. ते लक्षात आल्यावर दादाने त्या दिवशीचा सगळा ट्रक अडवून धरला. ड्रायव्हरने त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला, साहेबही वैतागले, पण दादा काही हलला नाही. घरी येऊन जेवला आणि झोपला. मी त्याच्या जागी असते तर ड्रायव्हरशी चार हात केले असते.

वहिनी म्हणजे याच्या अगदी उलट. बडबडी, चटकन हसणारी, चटकन चिडणारी. तिचं आणि त्या कारखान्याचं पहिल्यापासून वाकडं. लग्न ठरलं तेव्हा तिला कुणीतरी सांगितलं होतं की मुलगा खाण्याच्या पदार्थांच्या कारखान्यात आहे. तिला वाटलं बिस्किटं करतात. खरं काय ते लग्नानंतर कळलं आणि तिने कपाळाला हात लावला. तेव्हापासून नियम झाला. कामावरचे कपडे दारातच उतरवायचे, आंघोळ करूनच स्वयंपाकघरात पाय टाकायचा, आणि त्याची बादली वेगळी. निळी बादली. तिला दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही.

"अगं, दिवा विझवल्यावर भिंत उजेड देत बसते का?" दादा समजावायचा. "किरण गेले की संपले. मालात काही उरत नाही, आणि मी तर आत जातही नाही."

"काही उरत नाही ना? मग बादली वेगळी असली म्हणून तुमचं काय बिघडतं?"

यावर तो निळी बादली उचलून न्हाणीघरात जायचा. वीज गेली की वहिनी म्हणायची, "यांना मधे उभं करा, मेणबत्ती वाचेल." आणि दादा खरंच खोलीच्या मधोमध जाऊन उभा राहायचा. तेवढाच त्याचा विनोद.

त्यांना मूल झालं नाही. त्याचं खापर वस्तीतल्या बायकांनी कारखान्यावर फोडलं. एकीने तर दारात उभं राहून वहिनीला तसं सुनावलं. मला वाटलं, आता ही रडणार. तिने त्या बाईला अशी फैलावर घेतली की ती बाई नंतर आमच्या दारावरून जाताना रस्ता ओलांडून पलीकडून जायची. बादली वेगळी ठेवायचा हक्क वहिनीचा एकटीचा होता, दुसऱ्या कुणी दादाच्या कामाला नावं ठेवलेली तिला चालायची नाहीत.

दादाचं एक वेड होतं, ते इथेच सांगते. किरण दिलेल्या मालाच्या पाकिटावर एक खूण छापावी लागते. एक तुटक गोल, त्यात एक ठिपका, आणि ठिपक्याखाली दोन पानं. बघितली तर कुणाला वाटेल रोपवाटिकेची जाहिरात आहे. आमच्या कोपऱ्यावरचा दुकानदार अशा बाटल्या फळीवर मांडताना ती खूण भिंतीकडे करायचा. दादा दुकानात गेला की सगळ्या बाटल्या फिरवून खूण पुढे आणायचा. तो गेला की दुकानदार पुन्हा फिरवायचा. कित्येक वर्षं हे चाललं होतं.

"अहो ठिपकेवाले, माझ्या पोटावर का पाय देता?" दुकानदार म्हणायचा. "ती खूण बघितली की गिऱ्हाईक बाटली खाली ठेवतं."

"ठेवू दे. ज्याला नको त्याने घेऊ नये. पण कळलं पाहिजे. न सांगता कुणाच्या पोटात काही घालू नये."

आपल्या कामावर त्याचा एवढा विश्वास, तरी तो असं म्हणायचा. मला ते तेव्हा हट्टीपणाचं वाटायचं.

मग वहिनीला रक्ताचा आजार निघाला. आधी नुसता थकवा, मग अंगावर निळे डाग, मग तपासण्या. औषधं झाली, थोडं बरं वाटलं, पुन्हा उलटलं. शेवटी डॉक्टरीणबाई म्हणाल्या की हाडांच्या आत जिथे रक्त तयार होतं तिथलं सगळं जुनं मारून टाकायचं आणि तिच्या भावाचं नवं घालायचं. तसं केलं. ते दिवस कसे गेले ते आठवायची माझी इच्छा नाही. वहिनी घरी आली तेव्हा तिच्या डोक्यावर केस नव्हते आणि अंगठी बोटात राहत नव्हती, तिला आतून दोरा गुंडाळला होता.

डॉक्टरीणबाईंनी आम्हाला समोर बसवून सांगितलं. नवं रक्त रुजायला तीन-चार महिने लागतील. तोवर अंगात लढायची ताकद नाही. आपण रोज सहज गिळतो ते जंतूसुद्धा तिला पुरेसे आहेत. कच्चं काही नाही, बाहेरचं काही नाही, माती नाही, कुंड्या नाहीत. मी विचारलं, घरी नीट शिजवून घातलं तर? त्यांनी स्वयंपाकघर कसं आहे ते विचारलं. मी खरं ते सांगितलं, की मागच्या भिंतीला ओल आहे आणि छताच्या कोपऱ्यात काळी बुरशी येते, पुसली तरी पुन्हा येते. त्या सरळ नाही म्हणाल्या. मग त्यांनी पाकिटं दाखवली. भाज्यांचं सूप, मऊ भात, कुस्करलेले बटाटे, सगळं बंद पाकिटात शिजवलेलं आणि किरण देऊन पूर्ण निर्जंतुक केलेलं. उघडायचं, लगेच खायचं, उरलं तर टाकून द्यायचं.

दादाने एक पाकीट हातात घेऊन उलटं केलं. ते त्याच्याच कारखान्यातून आलेलं होतं. "हे माझ्या हातून गेलंय," तो म्हणाला. तसा चेहरा मी त्याचा कधी पाहिला नव्हता. त्याच्या सगळ्या नोकरीचा अर्थ जणू त्या पाकिटात येऊन बसला होता.

पुदिन्याची कुंडी तेवढी राहिली होती. ती वहिनीची. स्वयंपाकघराच्या खिडकीत तिने कित्येक वर्षं तो पुदिना जोपासला होता आणि कशावरही घालायची, सुपावर, भातावर, दह्यात, चहातसुद्धा. मी तिला म्हणायची, पाण्याच्या ग्लासात घालायचा राहिलाय तेवढा. दुसऱ्या दिवशी ती पाण्याच्या ग्लासात घालून मला आणून द्यायची. ती कुंडी मी उचलून मागच्या पायरीवर नेऊन ठेवली. वहिनी पलंगावरून बघत होती.

आणि मग ती जेवेना.

पाकीट उघडून तिच्यापुढे धरलं की ती आधी त्या खुणेकडे बघायची. "बादली वेगळी ठेवली मी इतकी वर्षं," ती म्हणाली, "आणि आता हे थेट पोटात?" दोन चमचे घ्यायची आणि चमचा ठेवून द्यायची. दादाने परत सगळं समजावलं, दिवा आणि भिंत, सगळं. ती शांतपणे ऐकायची, तेच जास्त वाईट. पूर्वीची वहिनी असती तर भांडली असती.

"मला पटतंय हो," ती म्हणाली. "डोक्याला पटतंय. घशाला पटत नाही, त्याला मी काय करू?"

वजन उतरत चाललं. डॉक्टरीणबाईंनी बजावलं की पोटात अन्न गेलं नाही तर नवं रक्त कशाच्या जोरावर रुजणार? पुढच्या तपासणीपर्यंत वजन सावरलं नाही तर परत भरती करून नाकातून नळी घालावी लागेल. नळीचं नाव काढलं तशी वहिनीने भिंतीकडे तोंड फिरवलं. आधीच्या वेळी घातली होती, तिला ती माहीत होती.

पुढच्या सुट्टीच्या दिवशी दादा म्हणाला, "मी डॉक्टरांना विचारलं. नीट शिजवलं तर घरचं चालेल म्हणाल्या. आजपासून मी करणार." त्या तर सरळ नाही म्हणाल्या होत्या, असं मी म्हणेपर्यंत त्याने स्वयंपाकघराचं दार लावून घेतलं. माझा भाऊ, ज्याला चहा करताना पातेलं सापडत नाही, तो. थोड्या वेळाने कांदा परतल्याचा वास सगळ्या घरात सुटला. मला राहवेना, मी दार ढकलून आत गेले.

कढईत कांदा खरपूस झाला होता. शेजारी पातेल्यात पाणी उकळत होतं, आणि दादा कात्रीने पाकीट कापून वहिनीच्या नेहमीच्या निळ्या फुलांच्या वाटीत सूप ओतत होता.

"हे काय चाललंय?"

"हळू बोल," तो म्हणाला. "वाटी उकळून घेतलीय."

"आणि कांदा?"

"तो वासापुरता. टाकून देणार."

मला हसू आलं आणि रागही आला. "आणि ती खूण? ज्याला नको त्याला कळलं पाहिजे म्हणणारा तू ना? दुकानदाराच्या बाटल्या फिरवतोस आणि स्वतःच्या बायकोपासून पाकीट लपवतोस?"

त्याने रिकामं पाकीट घडी घालून वर्तमानपत्रात गुंडाळलं आणि कामाच्या पिशवीत तळाशी सारलं. "चिमे," तो म्हणाला, "ती खात नाहीये."

तो मागच्या पायरीवर गेला, पुदिन्याची दोन पानं तोडून आणली, चिमट्यात धरून उकळत्या पाण्यात बुडवली आणि सुपावर ठेवली. पानं उकळून निघालेली मी स्वतः पाहिली, म्हणून त्याला अडवलं नाही.

वाटी घेऊन तो तिच्याकडे गेला. मी दाराआडून बघत होते. वहिनीने आधी वाटीचा वास घेतला, मग दादाकडे बघितलं. "तुम्ही केलंत?"

"हो."

"तुम्ही?"

"खाऊन तर बघ."

तिने त्या दिवशी अर्धी वाटी संपवली. दुसऱ्या दिवशी सगळी. मग रोज सगळी. पुढच्या तपासणीला वजन थोडं वाढलं होतं आणि नळीचं नाव कुणी काढलं नाही. घरात पुन्हा आवाज आला. वहिनी माझ्या शिवणाला नावं ठेवू लागली, तेव्हा मला वाटलं की आता ही तरणार. दादाला ती म्हणायची, "इतकी वर्षं हा हात कुठे लपवला होता? मी उगीच चुलीपाशी जळत बसले." दादा मान खाली घालून वाटी उचलायचा. दार लावायचं, कांदा परतायचा, पाकीट पिशवीत लपवायचं, हे त्याचं रोजचं झालं. वासाने मांजर दारात येऊन बसायची.

तिचा ताप दुपारी आला. आधी थोडा, संध्याकाळपर्यंत अंग भाजू लागलं, आणि श्वास घेताना छातीत काहीतरी वाजत होतं. तिला लगेच इस्पितळात नेलं. दोन दिवसांनी डॉक्टरीणबाईंनी दादाला आणि मला त्यांच्या खोलीत बोलावलं. छातीत बुरशी धरली होती. त्यांनी नेहमीचे प्रश्न विचारायला सुरुवात केली. घरात बांधकाम? धूळ? मातीशी काही संबंध? कच्चं काही खाल्लं?

दादा खुर्चीवरून उठून उभा राहिला. साहेबांपुढे उभा राहतो तसा.

"पुदिना," तो म्हणाला. "कुंडीतला. रोज दोन पानं. मी घातली."

मी म्हटलं, "अरे, उकळून घातलीस ना, मी बघितलंय."

"पहिल्या दिवशी. तिने अर्धंच सूप घेतलं. पानं काळी पडली होती, ती तिने वाटीच्या कडेला सारली आणि चमचा ठेवला. म्हणून दुसऱ्या दिवसापासून नुसती धुतली. उकळून गार केलेल्या पाण्यात." आणि मग पाकिटांचंही सगळं त्याने सांगितलं. एक शब्द राखला नाही.

मला त्याचा असा संताप आला की काय सांगू. जन्मभर जाळीपाशी उभा राहिलेला माणूस. अलीकडचं एक खोकं पलीकडे गेलं तर ट्रक अडवणारा माणूस. जगात दुसऱ्या कुणी हे केलं असतं तर अडाणी म्हणून सोडून दिलं असतं. तोंड उघडून मी त्याच्याकडे वळले, आणि त्याचे हात दिसले. सदऱ्याचं शेवटचं बटण तो सारखं लावत होता आणि काढत होता.

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. "हे बघा, त्यातूनच झालं असं मी म्हणू शकत नाही. हवेतून होतं. तुमच्या भिंतीला ओल आहे, त्यातूनही होऊ शकतं. काही न करता होतं."

"पण त्यातून झालं नाही असंही म्हणता येणार नाही."

"नाही," त्या म्हणाल्या. "तसंही नाही म्हणता येणार."

त्या संध्याकाळी दादा औषधं आणायला खाली गेला होता आणि मी वहिनीपाशी होते. तोंडावर प्राणवायूचा मुखवटा होता, तो तिने बाजूला सारला. मला चिडवायचं असलं की ती मला वन्सं म्हणायची. तशीच म्हणाली, "वन्सं, पाकिटातलंच होतं ना ते सगळं?"

मी दचकले. "तुला कुणी सांगितलं?"

"कांद्याचा वास येतो आणि सुपात कांदा नाही. मी काय आज स्वयंपाक करतेय?" तिला धाप लागली, ती थांबली, मी मुखवटा लावायला गेले तर तिने हात धरला. "पहिल्याच घासाला कळलं मला."

"मग बोलली का नाहीस?"

"वाटी दोन्ही हातांनी धरून आणली होती त्यांनी, नैवेद्यासारखी. एवढं नाटक केलंय माणसाने, म्हटलं खाऊया. आठवडाभरात सवय झाली चवीची. नंतर पाकिटातून दिलं असतं तरी खाल्लं असतं मी, पानांशिवायसुद्धा. पण ते इतक्या हौसेने पान ठेवायचे, म्हणून गप्प राहिले." ती हसली. "आता बास झालं. उद्या सांगणार आहे यांना, पाकीटच आणा म्हणावं, खूण माझ्याकडे करून. तुम्ही मधे तोंड घालायचं नाही. मला बघायचंय त्यांचं तोंड."

पानांचं डॉक्टरीणबाईंपुढे काय झालं ते तिला ठाऊक नव्हतं. मी तिला सांगितलं नाही. मुखवटा नीट बसवला आणि म्हटलं, "नाही घालत तोंड."

पहाटे तिला यंत्रावर घेतलं. घशात नळी गेली, आणि त्यानंतर ती कुणाशीच बोलली नाही. आठवड्याच्या शेवटी ती गेली.

दादा रडला नाही. लोक आले, बसले, गेले. सगळ्यांनी त्याला सांगितलं की तू तिचं किती केलंस. तो प्रत्येकाला मान हलवून "हो" म्हणायचा आणि माझ्या अंगावर काटा यायचा. निळी बादली त्याने न्हाणीघरात होती तिथेच ठेवली आणि तिच्यातूनच आंघोळ करत राहिला. कामावरचे कपडे अजून दारातच काढायचा.

कामावर परत गेला त्याच आठवड्यात तो माझ्या खोलीत एक करडा सदरा घेऊन आला. "हा कमरेत सैल आहे. आत घे."

"करडा? हा कुणाचा?"

"माझा. अलीकडे बदली मागून घेतली. पेट्या भरायच्या."

साहेबांनी पुष्कळ समजावलं म्हणे. तुझ्या हातून कधी एक खोकं चुकलं नाही, तुझ्याइतका भरवशाचा माणूस पलीकडे दुसरा नाही. मीही माझ्या परीने बोलून बघितलं. डॉक्टरीणबाईंचे शब्द त्याच्यापुढे जसेच्या तसे मांडले. हवेतून होतं, भिंतीतून होतं, काही न करता होतं. त्याने ऐकून घेतलं.

"म्हणजे खात्री नाही," तो म्हणाला.

"नाहीच मुळी. तेच तर सांगतेय."

"मग झालं तर. खात्री नाही म्हणजे माझ्यातूनच झालं असं धरायचं."

मी तो सदरा दोन्ही बाजूंनी आत घेतला. माप घेताना कळलं की तो किती वाळला होता.

तिची काही पाकिटं उरली होती. कपाटात खालच्या फळीवर, मुदत संपायला अजून बराच अवकाश होता. इस्पितळाने परत घेतली नाहीत. मी म्हटलं, देऊन टाकू कुणाला तरी. दादा ऐकेना. संध्याकाळी तो त्यातलं एक गरम करायचा, कात्रीने कापायचा, टेबलावर खूण स्वतःकडे येईल असं उभं करायचा आणि त्यातूनच चमच्याने खायचा. वाटी घ्यायचा नाही. कांदा नाही, पान नाही. मागच्या पायरीवरची कुंडी पाणी न घातल्यामुळे वाळून गेली होती आणि ती उचलून टाकायला आमच्या दोघांपैकी कुणाचाही हात धजत नव्हता.

कपाटातलं शेवटचं पाकीट त्याने काढलं त्या संध्याकाळी मी समोर भाजी निवडत बसले होते. बटाट्यांचं होतं. अर्धं खाऊन तो थांबला.

"चिमे, तिला कळलं होतं का गं? की ते पाकिटातलंच आहे?"

माझा हात भाजीत तसाच राहिला. इतके दिवस ही गोष्ट मी पोटात ठेवली होती. मी, जिला शेजारणीच्या सुनेची भांडणंसुद्धा पचत नाहीत. हो म्हणावं, तर पुढचं सांगावंच लागणार, की ती पाकिटातून खायला तयार होती, त्या पानांची गरज कधीच संपली होती. मी झटकन म्हटलं, "नाही रे. शेवटपर्यंत तुझ्या हातचं समजूनच खात होती. कौतुक करायची."

मला वाटलं, त्याला तेवढंच बरं वाटेल. त्याने चमचा खाली ठेवला आणि पाकिटावरच्या त्या दोन पानांकडे बघत राहिला.

"म्हणजे न सांगता घातलं मी तिच्या पोटात," तो म्हणाला. "शेवटपर्यंत."

आणि मग तो रडायला लागला. सगळ्यांसमोर रडला नव्हता तो, आता पाकीट पुढ्यात ठेवून, आवाज न करता. खरं काय ते माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. एका वाक्याने हे ओझं उतरलं असतं आणि त्याच वाक्याने त्याच्या जागी त्याहून जड बसलं असतं. दोन्हींतलं कुठलं त्याला पेलवेल ते मला त्या दिवशी कळलं नाही, अजूनही कळत नाही. मी उठले, त्याचा ग्लास पाण्याने भरला आणि त्याच्यापुढे सरकवला.

"खाऊन घे," मी म्हटलं. "उघडलेलं ठेवू नये."

त्याने सदऱ्याच्या करड्या बाहीने डोळे पुसले, चमचा उचलला आणि पाकीट संपवलं.